शिलाई मशीनशेजारी स्पेसवॉक: नासाच्या थेट प्रक्षेपणाबद्दल

अंतराळ स्थानकाच्या बाहेर येऊन अंतराळवीर जे काम करतात, म्हणजे स्पेसवॉक, ते नासा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत थेट दाखवते. युट्यूबवर बघता येतं, नासा प्लस या नासाच्या स्वतःच्या सेवेवर बघता येतं, एक पैसा लागत नाही. हाताच्या कामावर पोट असलेल्या प्रत्येकानं, आणि त्यातही शिवणकाम करणाऱ्या बायकांनी, हे एकदा तरी सलग बघावं असं माझं ठाम मत आहे. मी बेळगावात शहापूरला घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. रॉकेटचं शिक्षण माझं नाही, पण कापड, माप आणि टीप यांत आयुष्य गेलंय, आणि हे प्रक्षेपण मला त्याच बाजूनं धरून ठेवतं.

वेळही आम्हाला सोयीची पडते. स्थानकावरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेनं चालतं. अंतराळवीर उठून, तयारी करून बाहेर पडेपर्यंत तिथं दुपारचे बारा-एक वाजतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा. काम साधारण साडेसहा तासांचं ठरवलेलं असतं, त्यामुळं रात्री बारापर्यंत सहज जातं. लग्नसराईत मी तशीही तोवर मशीनवरच असते. मोबाईल अस्तराच्या गठ्ठ्याला टेकवायचा, आवाज मशीनच्या वर ऐकू येईल एवढा करायचा. कान तिकडं आणि डोळे टीपेवर. काही महत्त्वाचं चाललंय असं वाटलं की पाय थांबवून बघायचं.

प्रक्षेपण दार उघडायच्या तासभर आधीपासून सुरू होतं. हा पहिला भाग बरेच जण पुढं ढकलतात. माझं सांगणं, ढकलू नका. दोघं अंतराळवीर सूट चढवून एअरलॉकच्या, म्हणजे बाहेर पडायच्या हवाबंद दाराच्या, अरुंद खोलीत उभे असतात आणि काहीच घडत नाही असं वाटतं, पण त्यांच्या अंगात त्या वेळी फार मोठी गोष्ट चाललेली असते. सूटच्या आतला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ठेवतात, आणि आत फक्त शुद्ध ऑक्सिजन असतो. एकदम त्या कमी दाबात गेलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, जिवावरही बेततं. म्हणून आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेऊन तो नायट्रोजन शरीराबाहेर काढावा लागतो. दाब जास्त ठेवला असता तर ही कटकट कमी झाली असती, पण मग सूट इतका ताठ झाला असता की हात वाकला नसता. आहे त्या दाबातसुद्धा तो ताठच असतो. फुगवलेली सायकलची ट्यूब मुठीत दाबून बघा, मूठ सोडली की ती परत आपल्या आकारात येते. अंतराळवीराला प्रत्येक बोट वाकवताना हेच करायचं असतं, सहा-सात तास.

पहिल्याच माणसाला हे भोगावं लागलं. १८ मार्च १९६५ ला रशियाचे अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर आले, बारा मिनिटं राहिले. बाहेरच्या पोकळीत त्यांचा सूट इतका फुगला की परत आत शिरता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं सूटमधली हवा थोडी थोडी सोडून दाब कमी केला, तेव्हा ते आत आले. मला हे वाचल्यापासून कुठलाही स्पेसवॉक बघताना आत शिरायच्या वेळी काळजी वाटते. बाहेर पडण्यापेक्षा परत येण्याचा भाग मी जास्त लक्ष देऊन बघते.

आता सूटबद्दल. स्थानकावर अमेरिकन अंतराळवीर जो पांढरा सूट घालतात त्याची बेतणी स्पेस शटल यानांच्या काळातली. अंतराळात तो पहिल्यांदा वापरला एप्रिल १९८३ मध्ये. चौदा थर आहेत त्याला. अंगाला लागून एक तंग पोशाख असतो, त्यात सुमारे ९१ मीटर लांबीच्या बारीक नळ्या ओवलेल्या असतात आणि त्यांतून गार पाणी फिरत राहतं, कारण माणसाच्या अंगातली उष्णता बाहेर जायला तिथं हवाच नाही. वरचे थर हवा कोंडून ठेवायचे, आकार धरून ठेवायचे, उन्हाची धग आणि सावलीतली थंडी अडवायचे, बारीक उल्कांचे कण झेलायचे. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, म्हणजे पाऊण तास ऊन आणि पाऊण तास अंधार. उन्हात १२० अंशांच्या आसपास आणि अंधारात उणे १५० च्याही खाली. एकाच पोशाखात हे दोन्ही, एका संध्याकाळी पुन्हा पुन्हा. जमिनीवर त्याचं वजन भरतं सुमारे १२७ किलो.

आणि हा सूट कुणा एकाच्या मापाचा शिवलेला नसतो, हे मला सगळ्यात नवल वाटलं. धडाचा वरचा भाग कडक असतो, तो ठराविक मापांत मिळतो. बाह्या, पाय, हातमोजे वेगवेगळ्या मापांचे आणि ते जोडून एकेकाचा सूट तयार करतात. मार्च २०१९ मध्ये दोन बायका मिळून पहिल्यांदाच स्पेसवॉक करणार होत्या, ते या मापापायीच पुढं गेलं. ॲन मक्लेन यांनी जमिनीवर मध्यम आणि मोठ्या, दोन्ही मापांत सराव केला होता. प्रत्यक्ष बाहेर जाऊन आल्यावर त्यांना कळलं की आपल्याला मध्यमच बसतो. मध्यम मापाचा एकच वरचा भाग त्या वेळी वापरायला तयार होता, तो क्रिस्टिना कॉक यांना लागणार होता. मग मक्लेन यांच्या जागी निक हेग गेले. त्या वेळी पुष्कळ लोकांनी नासावर टीका केली, दोन बायकांपुरते कपडे नाहीत का म्हणून. बायकांच्या मापाचा विचार आधीच व्हायला पाहिजे होता, हे मला शंभर टक्के पटतं. पण त्या दिवशी मक्लेन यांनी जे केलं तेही तितकंच बरोबर होतं. अंतराळात गेल्यावर पाठीचा कणा लांबतो, माणूस थोडा उंच होतो, जमिनीवर घेतलेलं माप तिथं तसंच राहत नाही. खांदा आत नीट बसत नसेल आणि हात मोज्याच्या टोकापर्यंत पोचत नसेल, तर नुसता मान म्हणून तो सूट घालून बाहेर जाणं वेडेपणा झाला असता. माझ्याकडं मुंढ्यात अर्धा इंच घट्ट झालेला ब्लाऊज “चालतंय की, एकदाच घालायचाय” म्हणून नेणाऱ्या बायका येतात. मी त्यांना उसवून परत बसवून देते. तिथं उसवायला कोण बसलंय? पुढं १८ ऑक्टोबर २०१९ ला कॉक आणि जेसिका मीर दोघी बाहेर गेल्या, सात तास सतरा मिनिटं काम केलं आणि बॅटरीचं बिघडलेलं यंत्र बदलून आल्या.

शिवणाऱ्या बायकांचं नाव या सगळ्यात कुठं येतं ते सांगते, कारण प्रक्षेपणात ते क्वचितच सांगतात. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांचे सूट अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, डोव्हर गावी शिवले गेले. ज्या कंपनीनं ते शिवले ती बायकांची आतली वस्त्रं बनवणारी, प्लेटेक्स हा तिचा ब्रँड. त्याच कारखान्यातल्या बायका शिलाई मशीनवर बसल्या आणि २१ थरांचा सूट शिवला. टीप चुकायची मुभा किती? एका इंचाचा चौसष्टावा भाग. मी माझ्या मेजपट्टीवर बघितलं, तिच्यावर एवढी बारीक रेघच नाही. टाचण्यांचा हिशेब ठेवावा लागे, आणि थरांमध्ये एखादी विसरून राहिली नाही ना हे बघायला सूटचे एक्स-रे काढत. टाचणीच्या एका टोकानं हवा कोंडणाऱ्या थराला भोक पडलं असतं. उसवून तिथंच पुन्हा टीप मारायची सोयही नव्हती, कारण सुईचं जुनं भोक तसंच राहतं. हे ज्यांना माहीत आहे त्यांना स्पेसवॉकमधला पांढरा सूट दिसला की त्याची शिवणच आधी दिसते. माझं तरी तसंच होतं. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून कधी शेजारच्या माणसाची बाही जवळून दिसते, कोपराशी पडलेल्या घड्या दिसतात, जोडावरची दुहेरी टीप दिसते. तेवढ्यासाठी मी मशीन थांबवते.

पूर्ण प्रक्षेपणातला माझा सगळ्यात आवडता भाग हातमोजे तपासायचा. काम चालू असताना अधूनमधून जमिनीवरून सूचना येते आणि दोघं हातातलं काम ठेवून मोजे बघतात. आधी तळवा हेल्मेटच्या काचेसमोर धरतात, तळव्यावर रबरासारखे खवले असतात, पकड बसावी म्हणून. मग एकेक बोट फिरवून बघतात. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात जास्त वेळ बघतात, कारण पकडताना घासतं ते तिथंच. मग हात उलटा. मग दुसरा हात. झालं की सांगतात, काही नवीन नाही. हे उगाच केलेलं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये रिक मॅस्ट्राकियो यांच्या डाव्या मोज्याच्या अंगठ्याला बाहेरच्या थरात भोक दिसलं होतं. हवा गेली नाही, पण त्यांना लगेच आत बोलावलं, काम अर्धवट राहिलं. स्थानकाच्या बाहेरचे धरायचे दांडे वर्षानुवर्षं बारीक कणांचा मारा खातात, त्यांवर धारदार कडा तयार होतात. मोज्यांच्या बोटांच्या टोकांत गरम करायची सोय असते, तरी बोटं इतकी दुखतात की काहींची नखं निघून येतात. दिवसभर कात्री चालवून माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय, त्यामुळं हे ऐकताना मला शहारा येतो.

छातीवर सूटची बटणं असतात, पण हेल्मेटमुळं मान खाली घालून ती दिसत नाहीत. म्हणून मनगटावर छोटा आरसा लावलेला असतो, आणि छातीवरची अक्षरं उलटी लिहिलेली असतात, आरशात सुलटी वाचता यावीत म्हणून. ज्यानं हे सुचवलं त्याला माझा नमस्कार.

३० जानेवारी २०२५ चा स्पेसवॉक मी पूर्ण बघितला. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बाहेर होते, पाच तास सव्वीस मिनिटं. रेडिओ अँटेनाचा एक जुना भाग काढायचा होता, आधीच्या एका स्पेसवॉकमध्ये ते काम राहून गेलं होतं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, मटार सोलत शेजारी बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “अजून त्येच काढायलीय काय गं ती?” मी म्हटलं, “होय आत्ती, सावकाशच काढायला लागतंय, गडबड करून चालत नाही.” त्यानंतर आत्ती मटार संपले तरी उठल्या नाहीत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक माप द्यायला आलं, तीसुद्धा पदर सावरून बघत उभी राहिली. बोल्ट फिरवायचं बॅटरीचं हत्यार किती फेरे फिरलं हे सुनीता विल्यम्स आकड्यानं सांगत होत्या, खालून कुणीतरी तो आकडा परत म्हणून पक्का करत होतं. स्थानकाशी बांधून ठेवणाऱ्या दोरीची कडी एका दांड्यावरून दुसऱ्यावर लावताना दर वेळी बघायचं, ओढून बघायचं, मगच आधीची सोडायची. घाई नाही, आवाज चढवणं नाही. त्याच दिवशी सुनीता विल्यम्स यांचा बाहेरच्या कामाचा एकूण वेळ बायकांमध्ये जगात सर्वात जास्त झाला, नऊ स्पेसवॉक मिळून ६२ तास ६ मिनिटं. निवेदकांनी हे सांगितलं आणि मी ते मोठ्यानं मराठीत सांगितल्यावर आत्तींनी दोन्ही हात जोडले.

सगळं नीट होतंच असं नाही, आणि बिघडलं तरी नासा ते झाकून ठेवत नाही. माझ्या दृष्टीनं या सेवेचा हा सगळ्यात मोठा गुण. २४ जून २०२४ ला ट्रेसी डायसन आणि माइक बॅरट बाहेर पडायच्या बेतात होते. दार उघडलं आणि सूटला गार पाणी पुरवणाऱ्या नळीच्या जोडातून गळती सुरू झाली. पोकळीत पाणी निघाल्या निघाल्या गोठतं, बर्फाचे कण खोलीभर उडायला लागले, डायसन यांच्या हेल्मेटवर थर बसला. अर्ध्या तासात सगळं थांबवून दार लावलं. दोघं सुखरूप होते. पडद्यावर ते चालू असताना कुणी घाबरून ओरडलं नाही, पुढची पायरी काय, एवढंच बोलणं. १६ जुलै २०१३ ला इटलीचे लुका पार्मिटानो बाहेर असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी भरायला लागलं होतं, लिटरभराहून जास्त. वजन नसल्यामुळं पाणी खाली जात नाही, ते डोकं, कान, नाक यांना चिकटून वर चढत गेलं. डोळ्यांनी नीट दिसेना, नीट ऐकू येईना, तशात दोरीच्या आधारानं ते एअरलॉकपर्यंत परत आले. तेव्हापासून हेल्मेटमध्ये मागं पाणी शोषणारी गादी आणि श्वासासाठी एक नळी बसवतात. ती गादी ओली आहे का, हे हातमोज्यांबरोबरच विचारतात. आता प्रक्षेपण बघताना तो प्रश्न ऐकलात तर त्याच्या मागं काय आहे ते कळेल.

अडचणी आहेत त्याही लिहिते. सगळं बोलणं इंग्रजीत, तेही भराभर आणि संक्षेपांनी भरलेलं. माझी मदतनीस वडगावची, घरी कन्नड बोलते. “अक्का, येनंतारे?”, काय म्हणतायत, म्हणून विचारत राहते, आणि मला कळलेलं मी तिला निम्मं मराठी निम्मं कन्नड करून सांगते. निवेदक अधूनमधून सोप्या शब्दांत समजावतात, ते भाग पकडायचे. एखाद्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंनी किंवा सरांनी शाळेत मोठ्या पडद्यावर लावून मराठीत, कन्नडमध्ये सांगितलं तर पोरांचं कल्याण होईल. निपाणी, खानापूर, येळ्ळूर, कुठंही होण्यासारखं आहे, इंटरनेट आणि एक जाणकार माणूस पुरे.

मधेच चित्र जातं आणि फक्त आवाज येतो, किंवा निळा पडदा दिसतो. तो तुमच्या मोबाईलचा दोष नसतो. स्थानकाची चित्रं उपग्रहांमार्फत खाली येतात, जोड तुटला की थोडा वेळ थांबावं लागतं. आमच्याकडं लाईट गेली की मशीनची मोटर बंद पडते, मी पायानं चालवते, प्रक्षेपण मोबाईलवर चालूच राहतं.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून संताप आहे. जुने व्हिडिओ फिरवत ठेवून वर लाल अक्षरांत “लाईव्ह” लिहिणारे चॅनल पुष्कळ झालेत. शेजारची पोरं तेच बघून स्पेसवॉक बघितला म्हणून सांगत होती. ओळखायचं कसं? खऱ्या प्रक्षेपणात कंटाळवाणा वेळ असतो. बोल्टशी झटापट असते, हत्यारं मोजून परत लावणं असतं, कडी तपासणं असतं. सतत भारी संगीत आणि फक्त सुंदर पृथ्वी दिसत असेल तर ते बंद करा आणि नासाच्या अधिकृत चॅनलवर जा.

दोघांपैकी कोण कोण, हे पायांवरून ओळखा. ज्याच्या सूटवर लाल पट्टे, तो त्या दिवसाचा प्रमुख. दुसरा साधा पांढरा. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र असेल तर कुणाच्या डोक्यावरचा कॅमेरा तेही पडद्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

सलग बघायला वेळ नसेल तर दार उघडल्यापासूनचा पहिला तास बघा, आणि मग एकदम शेवटचा, परत आत येतानाचा. इंटरनेटचा पॅक कमी असेल तर चित्राचा दर्जा खाली ठेवला तरी चालतं, फक्त हातमोजे तपासायची वेळ आली की वर करा. पुढच्या स्पेसवॉकची तारीख नासाच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होते. तिथं वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची असते. आपली वेळ काढायला उन्हाळ्यात त्यात साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा.